शेपटीवरचं नाव

आमच्या साहेबांना ‘अपघात’ हा शब्द आवडत नसे. सत्तरच्या दशकात मी दोहा विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या कचेरीत टेलेक्स क्लार्क होतो. वरिष्ठांना कोणते शब्द आवडत नाहीत हे लक्षात ठेवणं हेच माझं खरं काम. टायपिंग काय, कोणालाही येतं.

कंपनीकडे दोन पंख्यांची विमानं होती. दुबई, दोहा, बहरीन, पुन्हा दुबई, अशी ती एस.टी.सारखी फिरत, आणि तितकीच वेळेवर. साहेब मूळचे मुंबईचे. कंपनीचं बोधचिन्ह त्यांच्या कोटावर होतं, टायवर होतं, रुमालाच्या कोपऱ्यातही होतं. कपाळावर गोंदवून घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

त्या दिवशी काउंटरवरचा फलक रंगवायला मालवणकडचा एक पेंटर आला होता. दिवस त्यानंच मागून घेतला होता, कारण दुपारच्या विमानानं त्याचा धाकटा भाऊ येणार होता. भाऊ सुतार, पहिल्यांदाच गाव सोडलेला. मुंबई ते दुबई मोठ्या जेटनं, पुढे आमच्या विमानानं. पेंटर दर दहा मिनिटांनी ब्रश ठेवून खिडकीशी जायचा.

“इला काय ओ विमान?”

“अजून पाऊण तास आहे.”

“पंख्याचा विमान ता. वाऱ्यान मागे जातला.”

वारा होताच. विमान एकदाचं दिसलं, धावपट्टीला टेकलं, आणि उजवं चाक मुडपलं. पंख जमिनीवर घासत गेला, पंख्याची पाती केळीच्या सालीसारखी वळली आणि सगळा डोलारा धावपट्टी सोडून वाळूत शिरला. आग लागली नाही. पेंटर हातात ब्रश घेऊनच बाहेर धावला. फाटकावरच्या शिपायानं त्याला अडवलं.

मी मुख्य कचेरीसाठी मजकूर लिहिला: उतरताना विमानाला अपघात. साहेबांनी तो खोडला आणि वर लिहिलं, ‘विमान धावपट्टीच्या बाजूस थांबले आहे.’

“साहेब, ते एका पंखावर टेकलंय.”

“पंखाचं कोणी विचारलंय तुम्हाला?”

कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. दहा मिनिटांत उत्तर आलं. पहिली ओळ: शेपटीवरचे नाव ताबडतोब झाका. दुसरी: वार्ताहरांशी बोलू नका. तिसरी: प्रवासी कसे आहेत? व्यापाराच्या नीतीवर मी जाड जाड पुस्तकं वाचली होती. इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

विमान पडलं की फोटो निघायच्या आत नावावर रंग फासायचा, हा त्या धंद्यातला रिवाज. साहेबांची नजर फाटकाजवळ शिपायाशी हुज्जत घालणाऱ्या पेंटरकडे गेली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना तो दिसला असावा.

“सफेद रंग है ना?”

“है. पण मेरा भाई अंदर है, साब.”

“सब सेफ हैं, इन्शाल्ला. पहले नाम.”

साहेबांनी ‘इन्शाल्ला’ एकाच अर्थानं उचलला होता: मला काही ठाऊक नाही. पेंटर माझ्याकडे वळला. “सायबानू, तुमी सांगा तेका. आदी माज्या भावाक बघतलंय, मगे रंगाचा काय ता.”

मी त्याला बाजूला घेतलं. “हे बघ, एरवी तुला तिकडे कोणी सोडणार नाही. कंपनीची गाडी विमानापाशी जातेय. डबा उचल आणि चल.”

तो निघाला. शिडी धरायला मी. अग्निशमनवाल्यांनी सगळीकडे फेस मारून ठेवला होता. विमान आडवं पसरलेलं, आणि प्रवासी पलीकडच्या बाजूला, वाऱ्यात उभे. त्यांना न्यायला बस होती, पण बसवरही कंपनीचं नाव होतं. म्हणून साहेबांनी ती शेडमध्येच थांबवून ठेवली होती.

पेंटर शिडी चढला. एक अक्षर झाकायचा, मान उंच करून पलीकडे बघायचा. दुसरं अक्षर, पुन्हा मान.

“दिसला का रे?”

“पगडेवालो एक दिसता. मडमीण दिसता. आमचो खंय?” त्याचा आवाज चिरकला. ब्रश मात्र चालू होता. चौथ्या अक्षरावर थांबला.

“आसा! आसा रे! ए मेल्या, खंय बघतंस? हय, वर बघ!”

पलीकडून बारीक आवाज आला. “दादा? तू थंय काय करतंस?”

“तुझा विमान रंगवतंय!”

डबा वाळूत पडला, मागोमाग पेंटर उतरला आणि शेपटीला वळसा घालून पळाला. साहेब ओरडले, “अरे, आधा नाम बाकी है! यल्ला, ऊपर!”

“खलास, साब!”

साहेबांनी वाळूतला ब्रश आणि डब्यातला उरलासुरला रंग माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, उंचीवर मला चक्कर येते. शेवटी ते स्वतःच चढले, कोट-टायसकट. फोटोग्राफर नेमका तेव्हाच पोचला. दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं नाव होतं आणि उरलेलं अर्धं झाकणारे साहेब होते, बाजूनं, नाकासकट ओळखू येणारे.

साहेब वर रंगवत असतानाच शिडी सोडून मी पलीकडे गेलो होतो. धाकट्याच्या कपाळाला पट्टी, एक पाय अनवाणी, दोन्ही गालांवर भावाच्या हाताचा पांढरा रंग.

“चप्पल खंय तुझी?”

“विमानात रवली.” मग तो ठामपणे म्हणाला, “दादा, माका नको ही नोकरी. मी आताच्या आता घराक जातंय.”

“जा. कसो जातलंस?”

धाकटा तोंड उघडून काहीतरी सांगणार होता. त्याची नजर वाकड्या पंख्याकडे गेली, आणि तो वाळूत खाली बसला. पेंटर त्याच्या शेजारी टेकला.

“उद्या सकाळी सातांक कामार जावचा आसा,” तो म्हणाला.

“बरा,” धाकटा म्हणाला.