टेबलासाठी जमवलेले पत्ते

मामेभावाचा मला राग यायचा आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बारावीसाठी हुपरीहून कोल्हापुरात मामाकडं राहायला आले, तेव्हा त्या घरात अभ्यासाला बसावं असं एकच टेबल होतं, बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून. त्यावर हा दहावीतला बोकड टेपरेकॉर्डर, कंगवा आणि पत्त्यांचे डबे मांडून बसलेला. मी खाली सतरंजीवर, गुडघ्यावर वही घेऊन रसायनशास्त्र लिहायचे. मान मोडायची. मामाला सांगितलं तर म्हणाला, "दोघं मिळून वापरा की." मिळून म्हणजे त्यानं वापरायचं आणि मी बघायचं.

हे पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. दोन हजार सालानंतर शाळांजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत राक्षसांची चित्रं असलेल्या पत्त्यांची पाकिटं यायला लागली होती. त्यांवरचं इंग्रजी चुकांनी भरलेलं. प्रत्येकानं आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढवायची. गल्लीतली सगळी पोरं त्या नादाला लागली होती आणि मामेभाऊ त्यांचा म्होरक्या. एकदा टेबलावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा तो म्हणाला, "ए हुपरी, मला खेळात हरवून दाव. परीक्षेपत्तुर टेबल तुझं." मला तो नावानं हाक मारतच नसे. मामा पेपर वाचत होता. तो हसून म्हणाला, "ठरलं. मी साक्षीदार हाय."

मग मीही पाकिटं आणली. हुपरीत आमच्या घरी चांदीची पैंजणं घडवतात. कळायला लागल्यापासून चांदी हातात घेऊन आधी तिची चकाकी बघायची सवय. पाकिटात एखादाच पत्ता चकचकीत निघायचा, बाकीचे मातकट. मामेभाऊ गोड आवाजात म्हणाला, "तुझे ते साधे, बारके पत्ते मला दे. मी चकचकीत देतो." मला वाटलं, याच्याएवढा येडा अख्ख्या कोल्हापुरात नसेल. असा सौदा आमच्या हुपरीत कुणी केला असता तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडं नेलं असतं. मी मुठीमुठीनं साधे पत्ते देऊन टाकले आणि चकचकीत घेतले. माझी गड्डी उन्हात धरली की भिंतीवर कवडसे पडायचे.

पहिल्याच डावात काय ते कळलं. चकचकीत राक्षस सगळे दांडगे, आणि दांडगा राक्षस मैदानात उतरवायचा तर आधी दोन बारके मांडलेले लागतात. त्या दोघांचा बळी दिला की मगच तो येतो. माझ्याकडं बारकं कुणी उरलंच नव्हतं. हातात सगळे महाबली आणि मी नुसती बसून. त्यानं माझ्याकडून घेतलेले बारके पत्ते एकेक करून माझ्याच पुढ्यात मांडले आणि मला संपवलं. पायरीवर बसलेल्या दोस्तांना तो ओरडून म्हणाला, "बघा रं, लढाईला दागिनं घालून आलीया!" सगळे फिदीफिदी हसले. मी आत मोरीत जाऊन तोंड धुतलं. लाज नाही वाटली, नुसता संताप. याला एकदा तरी रडवायचंच, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

दिवाळीत घरी गेले आणि आईबरोबर कड्या जोडायला बसले. पैंजणात घुंगरं मोजकी आणि साध्या कड्या ढीगभर. नुसत्या घुंगरांचं पैंजण जोडलं तर ते पायात राहणारच नाही. हे जन्मापासून डोळ्यांपुढं असून पत्त्यांच्या वेळी का सुचलं नाही, याचा इतका राग आला की हातातली कडी वाकली. आई म्हणाली, "चांदीवर कशाला राग काढतीयास?"

परत आल्यावर मी गल्लीतल्या लहान पोरांना गाठलं. एक चकचकीत पत्ता दिला की ती ओंजळभर साधे द्यायची आणि नाचत पळायची. मामेभाऊ कॉलर ताठ करून हिंडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तो शाळेत असला की मी उजव्या हातानं एक बाजू आणि डाव्या हातानं दुसरी बाजू खेळायचे. जो पत्ता हातात अडकून बसे त्याला हाकलायचे. निळ्या पंखांचा एक राक्षस माझा फार लाडका होता, पण तो दर वेळी अडकायचा. गेला तोही. शेवटी दांडगे म्हणून दोन-तीनच ठेवले. गड्डी दिसायला अगदी भिकार झाली आणि पहिल्यांदाच ती माझी वाटली.

एका रविवारी मी त्याला खेळायला बसवलं. आत मामी मटण शिजवत होती. माझे मातकट पत्ते बघून तो हसला. मी एकामागून एक बारके मांडत गेले आणि त्याला थोडं थोडं कुरतडत गेले. जिंकल्याच्या तोऱ्यात त्यानं आपली गड्डी दांडग्यांनी भरून टाकली होती, तो त्यांचीच वाट बघत बसला. त्याचे दांडगे यायच्या आत मी माझे दोन बारके बळी दिले, माझा दांडगा उतरवला आणि डाव संपवला. "टेबल माझं हाय," मी म्हणाले. त्यानं सगळे पत्ते भिरकावले आणि भोकाड पसरलं. खरं सांगते, मला गार वाटलं.

मामी पळी घेऊनच बाहेर आली. "एवढ्याशा खेळावरनं पोराला रडवतीयास व्हय? पावण्यानं पावण्यागत ऱ्हावं." मी मामाकडं बघितलं. त्यानं पेपर चेहऱ्यासमोर धरला.

जूनपासून त्या घरात पहाटे उठून पाणी मी भरत होते, भांडी मी घासत होते. पावणी! मी टेपरेकॉर्डर उचलून कॉटवर आदळला, टेबल पुसलं आणि माझी पुस्तकं मांडली.

जेवणाच्या वेळी आत ताटं मांडल्याचा आवाज आला म्हणून मी रोजच्यासारखी आत पंगतीला बसायला उठले. तेवढ्यात मामी माझं ताट बाहेर घेऊन आली आणि टेबलावर ठेवून गेली. आलेल्या माणसाला वाढतात तसं नीट वाढलेलं, वाटीत रस्सा, कडेला लिंबाची फोड. आत ती तिघं पंगतीला बसली. मी खिडकीकडं तोंड करून एकटीच जेवले, आणि परीक्षा संपेपर्यंत माझं ताट रोज तिथंच आलं.