छत्तीसच्या रोलमध्ये एक्केचाळीस फोटो: एक दुरुस्ती

आपल्या मंडळाच्या गेल्या अंकातल्या माझ्या कलकत्त्याच्या लेखात मी लिहिलं होतं की, हात जपून चालवला तर छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एक्केचाळीस फोटो बसतात आणि मी ते बसवले. हे चूक आहे. बरोबर आकडा शून्य.

मला चौथीपर्यंत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरीच शिकवलं. त्यांच्या शाळेत एक नियम होता. चूक ज्या पाटीवर केली त्याच पाटीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करायची. संपादक म्हणाले की दोन ओळींचा खुलासा पुरेल. मी म्हटलं, चूक चार पानांची होती. शिवाय तो लेख वाचून आमच्या मंडळातल्या दोन घरांनी असाच कॅमेरा परदेशातून मागवायचं ठरवलंय, आणि एक काकू घरच्या मुंजीसाठी ठरवलेल्या फोटोग्राफरला जाऊन विचारून आल्या की तुम्ही छत्तीसवरच का थांबता. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगणं भाग आहे. रस्ते, खाणं आणि भाडं यांबद्दल जे लिहिलं होतं ते बरोबरच आहे.

मुळात जायचं होतं अण्णांना. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, लग्न झाल्यापासून कलकत्त्याला बालीगंजमध्ये राहते. दोघांची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूर ते हावडा अशी अण्णांची आणि माझी तिकिटं काढली, आणि दिवाळीनंतर अण्णा स्कूटरवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. मी म्हटलं, आपण तिकिटं परत करू. अण्णा म्हणाले, "तू जा. आणि मला ताईचा एक फोटो आण. डोळे उघडे असलेला."

हे वाटतं तेवढं सोपं नाही. आत्याचे आमच्या घरी जेवढे फोटो आहेत, तिच्या लग्नातला धरून, त्या सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले आहेत. त्याबद्दल घरात पुष्कळ हसतात. पण निघायच्या आदल्या दिवशी अण्णा हळूच म्हणाले, "हल्ली ताई आठवायला बसलो की ती मला डोळे मिटूनच आठवते. फोटोंनी खरी ताई पुसून टाकली."

एवढी कामगिरी अंगावर, आणि मी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही. तो दिला सतीशदादाने. सतीशदादा माझा मामेभाऊ. तो जहाजावर असतो आणि कॅमेरा त्याने जपानहून आणलेला. ओंजळीत मावेल एवढा. उजेड किती घ्यायचा ते तो स्वतःच ठरवतो. आपण फक्त समोरचा माणूस किती लांब आहे ते सांगायचं, आणि त्यासाठी भिंगाच्या कडेवर चित्रं असतात: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. फ्लॅश वेगळा बांधावा लागत नाही, तो पोटातच असतो. खिट्टी सरकवली की टपकन वर येतो, आतून बारीक शिट्टी वाजते आणि मागच्या बाजूला नारिंगी दिवा लागतो. दादाने बजावलं होतं की दिवा लागेपर्यंत बटण दाबायचं नाही, आणि दिवा लागला की मोठ्याने सांगायचं, म्हणजे लोक हलत नाहीत.

रोल मी घरीच भरला. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते मी दोनदा वाचलं. फिल्मची जीभ, म्हणजे पुढचं टोक, समोरच्या चाकाच्या खाचेत अडकवायची असते. फिल्मला सुरकुती पडू देऊ नये असं त्यात ठळक छापलं होतं, म्हणून मी ती जीभ अगदी अलगद, नुसती टेकवल्यासारखी ठेवली आणि झाकण लावलं. मग आईने कॅमेऱ्याला खोळ शिवली. आमच्याकडे रेडिओला खोळ आहे, शिवणयंत्राला आहे, पेटीला आहे. कॅमेऱ्यासारखी महागाची, त्यातून दुसऱ्याची वस्तू उघडी जाणं शक्यच नव्हतं. जुन्या परकराचं निळं कापड, आत अस्तर, आणि भिंग, फ्लॅश, बटण, आकड्यांची खिडकी जिथे जिथे होती तिथे काजाच्या टाक्याने विणलेली भोकं. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी चकती होती. ती कशासाठी हे आईने विचारलं. मी म्हटलं, रोल संपल्यावर तो परत गुंडाळायला फिरवायची. आई म्हणाली, मग आत्ता तिला कशाला भोक.

गाडीचा प्रवास ठीक झाला. जाणाऱ्यांनी घरचा डबा न्यावा, पण भूक थोडी राखून ठेवावी, कारण बंगालची हद्द लागली की गाडीत झालमुरी विकायला येते. ती आपल्या भेळेची चुलत बहीण, अंगाला कच्चं मोहरीचं तेल लावून आलेली. हावड्याला मिनू, म्हणजे आत्याची मुलगी, घ्यायला आली होती. ती जन्मापासून तिथलीच, मराठी बोलते ते बंगालीच्या चालीवर. टॅक्सीवाल्याने मीटरच्या वर काही मागितलं, तेव्हा मिनूने नुसतं "कॅनो?" एवढंच विचारलं, म्हणजे का, आणि तो गप्प बसला. हा शब्द प्रत्येकाने शिकून जावा. हावडा पुलाचा फोटो काढायला मनाई आहे. मी ते आधीच वाचलं होतं, म्हणून पूल संपेपर्यंत दोन्ही हातांनी खोळ पोटाशी घट्ट धरून बसले होते. मिनूने विचारलं की माझ्या पोटात दुखतंय का.

आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. आत्या तशीच आहे. मला पाहून पहिलं वाक्य, "बंड्या पडला कसा? पाय मोडला की अक्कल?" आमच्या अण्णांना बंड्या म्हणणारी जगात आता ती एकटीच उरली आहे.

पहिल्याच संध्याकाळी मी कामाला लागले. चहा झाला, लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी झाली, आणि सहाच्या सुमाराला वीज गेली. कलकत्त्याला जाणाऱ्यांनी मेणबत्ती आणि सहनशक्ती सोबत ठेवावी. वीज रोज जाते आणि तिची वेळ कोणालाच सांगता येत नाही. पण माझ्याकडे फ्लॅश होता. मी आत्याला खिडकीपाशी बसवलं, एका माणसाचं चित्र लावलं, खिट्टी सरकवली. शिट्टी झाली. दादाने शिकवल्याप्रमाणे मी मोठ्याने म्हटलं, "दिवा लागला."

आत्याने हात जोडले आणि डोळे मिटले.

तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, ही सवय आपल्या घरांत बायकांच्या हाडीमाशी खिळलेली असते. माझं बोट मात्र बटणावर दाबलं गेलं होतं. खोली क्षणभर पांढरी झाली. त्याबरोबर खालच्या गल्लीतून, समोरच्या घरांतून, पार कोपऱ्यावरच्या दुकानापासून एकच आरोळी उठली, "एशे गेछे!" म्हणजे, आली. आणि मग लगेच सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेतून एक लांब उसासा.

मला फार अपराधी वाटलं. पण फोटो तर हवा होता. मी आत्याला समजावलं की हा दिवा तो दिवा नव्हे. आत्या म्हणाली की तिला कळतं, ती काही खुळी नाही. पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा मी सांगितलं, पुन्हा तिने हात जोडले, पुन्हा गल्लीला वीज आली आणि गेली. मिनू म्हणाली, "आई, तुझे डोळे परत बंद झाला." आत्या म्हणाली, "तू आधी तुझी मराठी उघड."

तिसऱ्या वेळेनंतर दार वाजलं. समोरच्या घरातले मजुमदारबाबू हातात मेणबत्ती घेऊन उभे होते. माझ्याकडे पाहून ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "दीदी, हमको बार बार आशा मत दीजिए."

मी माफी मागितली आणि त्यांचा एक फोटो काढून दिला. नव्हे, काढला असं मला वाटलं. ते आत जाऊन शाल पांघरून आले होते. प्रत पाठवण्याचं मी त्यांना वचन दिलं. पुढच्या काही दिवसांत अशी वचनं मी मिठाईवाल्याला, ट्रामच्या कंडक्टरला आणि मिनूच्या कॉलेजातल्या चार मैत्रिणींनाही दिली.

दिवस फिरण्यात गेले. भुयारी रेल्वेसाठी चौरंगीला रस्ता असा खणून ठेवलाय की पलीकडचं दुकान दिसतं पण गाठता येत नाही. ट्रामने जावं. पुढच्या डब्यात पंखा असतो, मागचा स्वस्त असतो आणि त्यात गप्पा जास्त चांगल्या ऐकू येतात. मातीच्या कुल्हडातला चहा पिऊन तो कुल्हड फोडायचा असतो. मला ते जमेना, मी दोन धुऊन पिशवीत ठेवले. आणि रोज संध्याकाळी आत्यावर प्रयोग. मी "तयार" म्हणून पाहिलं, तर शिट्टी ऐकूनच तिचे हात जुळायचे. वसंतकाका, आत्याचे यजमान, म्हणाले की इतकी भक्ती तिने त्यांच्याबाबतीत कधी दाखवली नाही. आत्या म्हणाली, "तुम्ही कधी इतके उजळलाच नाहीत."

कॅमेऱ्याच्या खिडकीतले आकडे छत्तीसला संपले. रोल मात्र संपेना. मी फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढत होते आणि तो मऊपणे सरकत होता. मला वाटलं, आपण इतक्या जपून वापरतोय त्याचंच हे फळ. पुढचे फोटो मी बोटांवर मोजले.

शेवटच्या दिवशी मला सुचलं की दिवाच नको. बालीगंज स्टेशनवरून बजबजला लोकल जाते. तिथे हुगळीच्या काठी मोकळं ऊन मिळतं. आत्याला म्हटलं, नदी बघून येऊ. गाडी अर्धी रिकामी होती. वाटेत तागाच्या गिरण्या लागतात. बजबजला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत, त्या बाजूला मी कॅमेरा पिशवीबाहेरसुद्धा काढला नाही. घाटावर आत्या पायरीवर बसली, खोचलेला पदर सोडून, निवांत. मी थोडी लांब सरकले, फ्लॅश खाली दाबून ठेवला, आणि काही न बोलता वाट पाहत राहिले.

एक जहाज चाललं होतं. त्याच्याकडे बघत आत्या बोलू लागली. लहानपणी अण्णांना एरंडेल पाजायचं काम तिच्याकडे असे. "बंड्या डोळे गच्च मिटायचा. त्याला वाटायचं, त्याला मी दिसत नाही म्हणजे मलाही तो दिसत नाही. तसाच घरभर धावायचा आणि खांबावर आपटायचा. आत्ताही तसाच पडला असेल." आणि ती माझ्याकडे वळून हसली. दोन्ही डोळे उघडे, ऊन थेट त्यांत. मी बटण दाबलं. तो एक्केचाळिसावा.

परतीच्या गाडीत मी आनंदाच्या भरात गेल्या अंकाचा लेख लिहिला आणि नागपूरला उतरल्या उतरल्या टपालात टाकला. रोल मात्र स्वतः काढायची माझी हिंमत नव्हती. सतीशदादा रजेवर आला तोवर अंक छापून घरोघर गेला होता.

दादाने खोळ काढली, आईच्या टाक्यांचं कौतुक केलं, आणि डाव्या कोपऱ्यातली चकती फिरवली. ती सैलपणे गरगरली. त्याने मला विचारलं की खटका ओढताना ही चकती फिरत होती का. फिल्म पुढे सरकली की तीही फिरते, त्यावरूनच कळतं. मी हे माहितीपत्रकात वाचलं होतं, दोन्ही वेळा. पण चकती खोळीच्या आत होती. दादाने झाकण उघडलं. फिल्मची जीभ चाकात न अडकता मी ठेवली होती तशीच पडली होती, एकही सुरकुती नसलेली.

दादा आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. आई म्हणाली की तिने भोकाबद्दल विचारलं होतं. अण्णा खाटेवर पाय उंच ठेवून पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं, कारण बाकी सगळे फोटो गेले तरी चाललं असतं.

अण्णांनी विचारलं, "तू तिला भिंगातून पाहिलंस ना? मग सांग, कशी दिसते."

मी सांगितलं. डोळे पिंगट, उन्हात आणखी फिके होतात. हसताना डावा उजव्यापेक्षा जास्त बारीक होतो. उजव्याच्या बुबुळात खालच्या बाजूला एक तांबूस ठिपका आहे, तिळाएवढा.

अण्णा कोपरावर रेलून अर्धे उठले. मग म्हणाले, "ठिपका. हो की. मी लहानपणी तिला विचारायचो, डोळ्यात काय गेलंय." थोड्या वेळाने त्यांनी दादाला विचारलं, "म्हणजे रोल अजून पुरा छत्तीसचा आहे?" दादा म्हणाला की आहे. "मग हिने एकही फोटो वाया घालवलेला नाही," अण्णा म्हणाले, आणि ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे.

प्लास्टर नाताळच्या आधी निघतंय. डॉक्टरांनी काठी घेऊन प्रवासाला परवानगी दिली आहे आणि दोघांची तिकिटं काढून झाली आहेत. रोल मी दादाच्या देखत पुन्हा भरला, जीभ चांगली दाबून, एक सुरकुती पडली तरी पडू दिली. आईने डाव्या कोपऱ्यात काजाचं आणखी एक भोक केलं आहे आणि त्यातून चकती फिरताना दिसते. वचन दिलेले सगळेजण पुन्हा उभे राहतील अशी आशा आहे. मजुमदारबाबूंना मी तसं पत्राने कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की शाल धोब्याकडे दिली आहे.

आत्याला फोटोचं काहीच कळवलेलं नाही. अण्णा गच्चीवर तिच्या शेजारी उभे राहतील, तिळगूळ देतील, आणि ती त्यांच्याकडे बघेल. मी तोंडातून शब्द काढणार नाही. संक्रांतीला, चौदा जानेवारीला, सकाळच्या उन्हात, फ्लॅश खाली दाबून.