एक घास, मग दुसरा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा होळी तोंडावर आली होती. गहू कापणीला आलेला. ते बांधावर उभे होते, खाली बसले आणि मग त्यांना उठताच येईना. भावाने त्यांना गाडीत घालून नागपूरला आणलं. धंतोलीच्या दवाखान्यात दोन आठवडे गेले. डावा हात-पाय थोडे थोडे हलू लागले. बोलणं जड झालं, तरी कळायचं. गिळणं मात्र पार बिघडलं होतं.

घरी सोडताना तिथल्या, गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्टने मला जवळ बसवलं. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, “भरवताना दुसरं काहीच करायचं नाही. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. त्यांच्या गळ्याकडे बघायचं. कंठ वर जाऊन खाली आला, की मगच पुढचा घास.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, यात काय एवढं शिकायचं?

मी रामदासपेठेत एका ऑफिसात कारकून. हुडकेश्वरच्या घरून साडेनऊला निघायचं, म्हणजे सकाळपासून धावपळ. माझं स्वतःचं जेवण कित्येक वर्षं ओट्यापाशी उभ्यानेच, एका हातात फोन. बाबांना आणून आठवडा झाला असेल. मी चमचा त्यांच्या तोंडात दिला आणि ऑफिसचा फोन आला म्हणून उचलला. दुसरा चमचा न बघताच दिला. बाबांना ठसका लागला. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारत राहिले. शेवटी घास बाहेर पडला.

श्वास जागेवर आल्यावर ते हळूच म्हणाले, “काहून रडून राहिली वं? हाओ ना मी.”

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून तासभर लवकर उठू लागले आणि फोन कपाटात ठेवू लागले.

सुरुवातीला ती पाऊण तासाची बैठक जीव खायची. कंठ वर गेला, खाली आला. चमचा. पुन्हा कंठ. मन सारखं ऑफिसात पळायचं, त्याला ओढून पुन्हा बाबांच्या गळ्याशी आणायचं. मग कधीतरी ते पळेनासं झालं. एवढ्या वर्षांत मी बाबांचं तोंड इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. हनुवटीखाली एक जुना व्रण होता. विचारलं, तर म्हणाले, “बैलानं शिंग मारलं होतं. तू तवा पाळण्यात होती.”

मे महिन्यात फार हाल झाले. कुलरसमोर बसूनही अंगाची लाही व्हायची आणि पातळ पाणी तर त्यांना चालायचं नाही, ते श्वासनलिकेत जायचं. पावडर घालून घट्ट केलेलं पाणी चमच्याने द्यावं लागे. “हे पानी नोहे वं, खळ हाय,” ते तोंड वाकडं करायचे. मग एकेक चमचा जिभेवर थांबवायचे आणि डोळे मिटून गिळायचे. त्यांचं बघून मीही माठातलं पाणी घोटाघोटाने प्यायला लागले. वाळ्याचा वास मला तेव्हा पहिल्यांदा नीट आला.

पावसाळ्यात जेवणं खिडकीशी होऊ लागली. घास गिळून झाला की बाबा बाहेर बघायचे. “आता कपाशीले पाती लागली असन.” पाती म्हणजे फुलाआधीच्या कळ्या. त्यांचं शेत तिकडे गावी, आम्ही इथे, तरी दर आठवड्याला शेतात काय चाललं असेल ते सांगायचे. भावाला फोन केला तर बहुतेक तसंच असायचं. ऑफिसातली एक मैत्रीण ध्यानाच्या वर्गाला चल म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, “माझा वर्ग दोन वेळचा आहे, घरीच.”

दिवाळीनंतर, थंडी पडू लागली तेव्हा, दवाखान्यातल्या त्या थेरपिस्ट पोरीने पुन्हा तपासलं. साध्या पाण्याचा एक चमचा दिला. “आ म्हणा आजोबा.” आवाज स्वच्छ आला, म्हणजे पाणी श्वासनलिकेत गेलं नव्हतं. मग दुसरा, तिसरा. शेवटी तिने त्यांच्या हातात अर्धा पेला दिला. बाबांनी तो बेताबेताने संपवला आणि तिला हात जोडले. तिने घाईने त्यांचे हात धरले. मला तिच्याशी बोलायचं होतं, पण बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी नुसतं “येते” म्हटलं. अजूनही तिची आठवण आली की ते न बोललेलं मनात येतं.

बाबा आता गावीच असतात. काठी घेऊन बांधापर्यंत जातात. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी आले होते. सकाळी पोळी मोडून, दुधात भिजवून आपल्या हाताने खात होते. मी समोर बसले होते.

“मले काय पाहून राहिली?” ते म्हणाले. “जेव ना तू. तुयी पोळी गार होऊन राहिली.”

मी ताट पुढे ओढलं.