आमचा पूर, त्यांचा पिक्चर

नोकरीत असताना आमच्याकडे फायली साचायच्या, निवृत्तीनंतर किस्से साचतात. फरक इतकाच, की किस्से शेरा मारून कोणी परत पाठवत नाही! धानोऱ्याच्या चहाटपरीवर आम्ही कचेरीतले चार-पाच पेन्शनर रोज बसतो. सध्या विषय एकच: आमच्या पुरावर निघालेला पिक्चर.

पूर खरा. रस्ता बुडाला, एसटीचे प्रवासी टेकाडावर अडकले आणि आमच्या कचेरीतल्या शिपाई कौशल्याबाईंनी स्वतःचा डोंगा पाण्यात घालून सगळ्यांना काठावर आणलं. त्या प्रवाशांत मीही होतो. पिक्चरवाल्यांनी ही हकीकत ऐकली, डोळे पुसले आणि वल्हं मुंबईच्या हिरोच्या हातात दिलं! कौशल्याबाईंना रोल मिळाला प्रवासी बाईचा. डोंग्यात बसून रडायचं.

"बाई डोंगा चालवते हे पब्लिकला पटणार नाही," डायरेक्टर म्हणाला.

"मंग हे भाऊ जिते कसे हायेत?" माझ्याकडे बोट दाखवून बाईंनी विचारलं.

*

डायरेक्टरला जंगल सुंदर हवं होतं. म्हणून भर पुरात हिरोईनच्या वाटेवर मोहफुलांचा सडा! मोह पडतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. गावच्या बाया टोपल्या घेऊनच शूटिंग बघायला आल्या. वेचून पाहतात तर कापडी फुलं!

"याची तं दारूबी नाई निंघत!" एक म्हातारी म्हणाली. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे आम्ही ते ऐकलं नाही.

*

हिरो हिरव्यागार धानात शिरतो. पलीकडच्या बांधावर निघतो, तेव्हा मागे सगळं कापलेलं! झालं असं, की युनिट मधेच मुंबईला गेलं आणि इकडे शेताचे मालक तुळशीरामभाऊ यांनी आपल्या बांधीतलं धान कापून घेतलं. मॅनेजर परत येऊन ओरडायला लागला.

"पिच्चर थांबते साहेब, धान नाई थांबत," भाऊ म्हणाले.

*

पिक्चर बघायला आम्ही सगळे एसटीने चंद्रपूरला गेलो. हिरो आमच्या गावचा दाखवलाय. एका वाक्यात 'मले', पुढच्यात 'मला'.

"हा आपल्या इथचा होय काय बे?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाई बे, शिक्षेच्या बदलीवर आला असन!"

*

पण इतिहासाशी खरा खेळ पुढेच होता. सकाळचे दहा, आणि कचेरीत सगळे कारकून जागेवर! आमचे जुने हेडक्लार्क थिएटरात ताडकन उभे राहिले.

"बदनामी हाय ही!"

*

आता डोंग्याचा सीन. शूटिंगच्या वेळी हिरोने वल्हं मारलं की डोंगा जागच्या जागी गरगर फिरायचा. शेवटी धारेला लागला. कौशल्याबाईंनी रडणं सोडलं, पदर खोचला, "सरक बाबू," म्हणत वल्हं घेतलं आणि डोंगा सरळ काठाला लावला. हिरो परत डोंग्यात बसायला तयार होईना, म्हणून आहे तो शॉट तसाच राहिला.

पडद्यावर हिरो वल्हवतोय, बाई रडताहेत. पुढच्या क्षणी बाई वल्हवताहेत आणि हिरोने डोंग्याची कड दोन्ही हातांनी गच्च धरलीय! काठाला लागतानाचा शॉट आधीच घेतलेला, त्यात वल्हं पुन्हा हिरोकडे. अख्खी रांग खुर्च्यांवर चढली. शिट्टी मीही वाजवली, नकली दात सांभाळून!

पुढे एका पेपरात परीक्षण आलं. रडणारी बाई एकाएकी वल्हवताना दिसते, ही ढोबळ चूक म्हणून त्यांनी धरली होती. मी ते टपरीवर वाचून दाखवलं. कौशल्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"चूक तं हायच ना भाऊ. पुरात मी रडली कुठी होती?"