तिसऱ्या झाडाचे संत्रे

मी शरीरक्रियाशास्त्राची विद्यार्थिनी. तुमच्या या अतर्क्य अनुभवांच्या सदराला आजवर मी फक्त शंका काढणारी पत्रं पाठवली आहेत. हे मात्र माझ्याच बाबतीत घडलेलं...

बोअर आटून मोर्शीकडचे संत्र्याचे बगीचे तोडले जात होते, त्या वर्षांतली गोष्ट. बाबांनीही आमचा बगीचा तोडला; पुढच्या हिवाळ्यात अमरावतीला त्यांची बायपास झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या संभ्रमाची मी तयारी ठेवली होती — वय पासष्टीपुढे, मधुमेह, कमी ऐकू येणं, आधीपासूनचा विसराळूपणा, हार्ट-लंग मशीनवर गेलेला बराच वेळ, अतिदक्षता विभागातली तुटक झोप. सगळी कारणं हजर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "भलतंच बोलले तर शांतपणे दुरुस्त करा. नाव, वार, ठिकाण सांगत राहा."

दुसऱ्या दुपारी बाबांनी माझा हात धरला. "सुमन, काहून गप बसली वं?"

सुमन माझी आई. मी आठ महिन्यांची असताना गेली. मला अकोल्याला, जुन्या शहरात, आत्याने वाढवलं. बाबांनी आईचं नाव कधी उच्चारलं नाही — मी विचारूनसुद्धा नाही. त्यांना दुरुस्त करायला हवं होतं. मी केलं नाही. मला ऐकायचं होतं.

"बगीच्यात चाल्लो. कोन्या झाडाचे संत्रे आनू?"

"हिरीजवळच्या तिसऱ्या," मी म्हणाले. "बाकीचे आंबट लागतेत मले."

बाबा हसले. "डोहाळे सरले नाईत वाटते तुह्ये."

बाहेर येऊन आत्याला सांगितलं, तशी ती बाकावरून उठलीच. "तिसरं झाड तुले कोनं सांगतलं? तू पोटात असताना तिले त्याचेच संत्रे लागत. तू रांगाच्या आंधी वाळलं ते झाड. मी तं कधी बोलली नाई."

बाबांचा संभ्रम समजतो. माझं उत्तर? मला भूल दिलेली नव्हती, झोपही पुरेशी झाली होती. लहानपणी कानावर पडलं असेल, हे तपासून पाहिलं — आत्या ठाम नाही म्हणते, आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. योगायोग म्हणावा, तर... लिहिताना तो शब्द मी दोनदा खोडला. अजून तरी माझ्याकडे दुसरा नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा सावरले. सिस्टरने विचारलं, "काका, ही कोण?" त्यांनी माझं नाव सांगितलं, वार सांगितला, अमरावती सांगितलं. सगळं बरोबर. आत्याने हात जोडले. मी बाबांजवळ बसून राहिले — अजून एकदा तरी चुकतील म्हणून.