टेकडीकडे बघून टोल

किनवटकडच्या आमच्या सरकारी कॉलेजातले शिपाईमामा घड्याळ बघून टोल देत नसत. समोरच्या टेकडीवरून गोंडवस्तीतल्या पोरी उतरताना दिसल्या, की देत. हजेरी कमी भरली तर पोरींची परीक्षा हुकली असती. हे ठाऊक असूनही, माझा पहिला तास रोज उशिरा सुरू होतो म्हणून, मी प्राचार्यांकडे मामांची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी मामांनी हातोडी माझ्याच हातात दिली.

"घ्या सर, तुमीच द्या. आपलं घड्याळ लई घाई करून राहिलं."

दहा वाजले. टेकडी रिकामी होती. माझा हात उचलेना. वीस मिनिटांनी ओढण्या दिसल्या. पोरी हसत, पळत येत होत्या.

"हाणा आता," मामा म्हणाले.

मी दणकून टोल दिला.

आता मी लातूरच्या खाजगी क्लासात शिकवतो. तिथं घंटा आपोआप वाजते. दार मी लावतो. पण आधी रस्त्याकडे बघतो.