मंगळागौरीचं बीपी

कुठून सुरुवात करू! मंडळाच्या मंगळागौरीत मी असा काही घोळ घातला, की अजून बस अण्णा नगरच्या त्या हॉलसमोरून गेली तरी मी खाली वाकून चप्पल शोधल्याचं नाटक करते.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं. तेव्हापासून चेन्नईच्या मराठी मंडळातले समस्त काका मला "मग, पुढे काय?" एवढंच विचारतात. जन्मभर एकाच बँकेत एकाच खुर्चीत बसलेली माणसं! यांना 'पुढे' म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?

असो. तर आईची पाळी बंद झाली. रात्री घामाने उशी भिजायची. बाबांचं निदान? "चेन्नई आहे, घाम येणारच."

मग मीच वाचायला बसले आणि हादरले! इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन म्हणे बायकांच्या रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं. पाळी गेली की ते घटतं, वाहिन्या कडक होऊ लागतात, बीपी चढतं, हृदयाचा धोका वाढतो. आणि आमचे पिताश्री काय करतात, तर एसी सोळावर!

कार्यक्रमाच्या दिवशी मी बीपीचं मशीन घेऊन थेट विंगेत घुसले. आई आणि तिच्या मैत्रिणी नऊवारीत शेवटची तालीम संपवत होत्या.

"आई, हात दे."

"अगं नथ घालतेय! शोभा, झिम्म्याला उजवीकडून हं!"

एकशे सत्तर! शोभाकाकू, एकशे पासष्ट! सगळ्याच वर! तुलना हवी म्हणून पहिल्या रांगेतल्या बाबांचं घेतलं. एकशे अठरा. पुरुष ठणठणीत, बायका मरणाच्या दारात! आणखी कसला पुरावा हवा?

तेवढ्यात पडदा उघडला. फुगडी घालता घालता आई कोसळलीय, असं चित्रच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी धावत जाऊन माइक हिसकावला.

"थांबा! कोणी नाचायचं नाही! या सगळ्यांची पाळी गेलीय, इस्ट्रोजेन संपलंय, रक्तवाहिन्या कडक झाल्यात!"

काका मंडळी छताचे पंखे बघायला लागली.

"ए!" शोभाकाकू कमरेवर हात ठेवून गरजल्या. "माझी चालू आहे अजून! चव्वेचाळीसची आहे मी!"

"मागच्या महिन्यात एकोणचाळीस होतीस ना गं?" मागून कुणाचा तरी आवाज.

अध्यक्षकाका उठले. "बाळ, असले विषय चारचौघांत बोलायचे नसतात."

"तुमच्या स्टेंटवर तीन भाषणं ऐकलीत आम्ही, काका! बायकांनी गुपचूप मरायचं का?"

आता प्रमुख पाहुण्या उठल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या बाई, आणि पेशाने हृदयरोगतज्ज्ञ! मला वाटलं, चला, आपल्या बाजूचं कुणीतरी आलं.

"कण्णा," त्या तमिळ लाडाने म्हणाल्या, "सांगितलंस ते बरोबर आहे. पण बीपी घेतलंस कधी?"

"आत्ता. तालीम झाल्या झाल्या."

"बसवून?"

"उभ्यानेच."

"गप्प होत्या?"

"या? गप्प?"

हॉल फुटला हसून.

"आणि बाबा?"

"ते... झोपले होते."

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवलं. मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं! मग पुन्हा मोजलं. सगळ्या ठीक. आईचं मात्र थोडं वरच. "सोमवारी क्लिनिकला या, नीट बघू. आज खुशाल नाचा."

आणि गंमत बघा, माइक खाली ठेवलाच जाईना. बायका भर हॉलमध्ये घामाबद्दल, धडधडीबद्दल विचारत सुटल्या. बाबा चक्क जागे होऊन ऐकत होते.

मग फुगडी. आईने माझे हात धरले, "चल, फार काळजी करतेस ना माझी!" आणि भिंगरीसारखी सुटली. दुसऱ्याच फेरीत मी स्टेजवर सपाट! आईने वाकून पाहिलं, "श्वास चालू आहे," म्हणाली, आणि डॉक्टरबाईंचे हात धरून फुगडी पुढे चालू.

माझं इस्ट्रोजेन अगदी काठोकाठ होतं हो. फक्त उठून उभं राहता येत नव्हतं.